'हवेशीर' या एका शब्दाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : पेट्रोल जनरेटरच्या मराठी माहितीपत्रकातील घातक सूचना आणि त्यामुळे घरात झालेली विषबाधा

महोदय,

तुमच्या कंपनीचा पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर मी पाच महिन्यांपूर्वी घेतला. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू होतं, लोडही व्यवस्थित घेतं. तक्रार आहे ती त्यासोबतच्या मराठी माहितीपत्रकातल्या एका वाक्याबद्दल. त्या वाक्यापायी माझी आई मरता मरता वाचली.

वाक्य असं आहे : 'जनरेटर पावसापासून सुरक्षित, छताखाली व हवेशीर जागी ठेवावा.'

गेल्या महिन्यात ऐन पावसात रात्री वीज गेली. मी पत्रक काढून वाचलं आणि त्यात लिहिलं होतं तसंच केलं. आमच्या पडवीला तीन बाजूंनी भिंत आहे, चौथी बाजू उघडी. घरात याहून हवेशीर जागा नाही. जनरेटर तिथे लावला आणि वायर आत घेण्यासाठी दार किलकिलं ठेवलं. आई आतल्या खोलीत झोपली होती. दोनेक तासांनी तिनं हाक मारली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, मग उलटी झाली. मला वाटलं पित्त असेल. माझंही डोकं जड झालं होतं, पण ते जागरणाचं असेल म्हणून मी सोडून दिलं. शेजारच्या काकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणला. त्यावर ९८ आकडा आला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. त्या आकड्याच्या भरवशावर अर्धा तास त्याच खोलीत बसून राहिलो. मग आई बाथरूमला जायला उठली आणि दारातच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात काही जळत होतं का?" रक्त तपासल्यावर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा निघाली. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. आणि बोटावरचा साधा ऑक्सिमीटर हा वायू धरलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त यांतला फरकच ओळखू शकत नाही, म्हणून ९८ दिसत होतं. हे ऐकताना माझे हातपाय गार पडले. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. आईला रात्रभर मास्क लावून ठेवलं. आता ती बरी आहे, पण नावं विसरते, आणि ते त्या रात्रीमुळे की वयामुळे हे मला कोणी सांगू शकत नाही.

घरी आल्यावर मी खोक्यातली इंग्रजी पुस्तिका उघडली. तिच्या दुसऱ्या पानावर चौकटीत सगळं स्पष्ट छापलेलं आहे : घरात, गॅरेजमध्ये, व्हरांड्यात कधीही चालवू नये, खिडक्या-दारं उघडी ठेवणं किंवा पंखा लावणं पुरेसं नाही, घरापासून किमान ६ मीटर लांब ठेवावा, सायलेन्सरचं तोंड घराच्या विरुद्ध बाजूला करावं. म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं. मराठीत मात्र वॉरंटीच्या अटी दीड पान आहेत आणि या वायूचं नावही नाही. 'पावसापासून जपा' एवढंच सांगितलं की माणूस यंत्र छताखाली आणणार, आणि छत म्हटलं की घरच. चारही बाजूंनी उघडी शेड असा शब्द तिथे हवा होता.

मी फोन केला तेव्हा तुमच्या प्रतिनिधीनं 'पुस्तिका नीट वाचायला हवी होती' असं सांगितलं आणि वॉरंटी सहा महिने वाढवून देऊ केली. ती मला नको आहे. मी वाचलं होतं. जी भाषा मला येते, त्या भाषेत तुम्ही जे छापलं ते मी वाचलं होतं.

आणखी एक गोष्ट. जनरेटर चालवून दाखवायला आलेल्या तुमच्या माणसानं इंजिन चालू असतानाच टाकीत पेट्रोल ओतलं. मी हटकलं तर म्हणाला, "थोडं टाकलं तर काही होत नाही." पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. इंजिन बंद करायचं, चांगलं निवू द्यायचं, मगच टाकी भरायची, हे ज्यानं मला शिकवायचं त्यालाच शिकवायची वेळ आली. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटला लावून सगळं घर चालवा, हा सल्लाही त्याचाच. चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची लाइन तोडून मगच घर जनरेटरला जोडणारा स्विच, नसताना असं केलं तर वीज उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. ते मी केलं नाही, कारण आमच्या वायरमननं मला आधीच बजावलं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. मराठी पत्रक ताबडतोब मागे घ्या आणि इंग्रजीतले सर्व इशारे पहिल्याच पानावर मराठीत छापा. टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवायचं मराठी स्टिकर आजवरच्या प्रत्येक ग्राहकाला पाठवा. तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, वॉरंटीचे संदेश येतातच. हवेतला हा वायू वाढला की इंजिन आपोआप बंद करणारे जनरेटर बाजारात आहेत, तशी सोय तुमच्या यंत्रात कधी येणार हे कळवा. प्रात्यक्षिकाला येणाऱ्या माणसांना आधी प्रशिक्षण द्या. आईच्या उपचारांची बिलं जोडली आहेत, त्यांची भरपाई करा.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगात दाद मागेन. पण आधी स्टिकर पाठवा. पावसाळा अजून संपलेला नाही, आणि तेच पत्रक वाचून आजही कुणीतरी जनरेटर पडवीत ओढत असेल.

आपली,
एक ग्राहक

सोबत : माहितीपत्रकाची व इंग्रजी पुस्तिकेतील पानाची प्रत, रक्ततपासणीचा अहवाल, उपचारांची बिलं