बी.एस्सी. आणि जेआरएफच्या मधलं एक वर्ष : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. डॉ. जितेंद्र सिंह,
विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), भारत सरकार

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एकोणीस वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवते. बी.एस्सी. झालेल्या मुलांना जेआरएफच्या (एम.एस्सी.नंतर मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या) आधी एक वर्ष राष्ट्रीय संस्थेत मानधनावर काम करता यावं, एवढं मागायला हे पत्र आहे. आपण मूळचे डॉक्टर, मधुमेहाचे तज्ज्ञ. त्यामुळे प्लेटा, कल्चर असले शब्द आपल्याला नवे नाहीत; पण पत्र खुलं आहे, म्हणून कुठे कुठे थोडी फोड करते.

तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एका मुलीने घरच्या द्राक्षबागेतली माती डब्यात भरून आणली. आमच्याकडे सव्वीस मुलांत चालू स्थितीतल्या मायक्रोपिपेट (थेंबाहून कमी द्रव अचूक मोजून घेण्याचं साधन) दोन. तिने नंबर येण्याची वाट न बघता साध्या काचेच्या पिपेटने मातीची डायल्यूशन्स (पातळ द्रावणं) करून प्लेटांवर पसरली. आठवड्याभराने प्लेटांवर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, पांढुरक्या कॉलनी आल्या. झाकण उचललं की पहिल्या पावसाचा वास. ॲक्टिनोमायसिट्स, मातीतले जिवाणू. ज्यांच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं, त्याच गोतावळ्यातले. त्यातली एक कॉलनी तिने स्टॅफिलोकॉकस या रोगजंतूच्या प्लेटवर लावली, तर भोवती स्वच्छ गोल उमटला, म्हणजे तिथे तो जंतू वाढलाच नाही. पट्टीने तो तिने तीनदा मोजला आणि मग विचारलं, "मॅडम, हे खरं आहे, की माझ्या हातून काहीतरी चुकलंय?"

आपल्या निकालावर असा संशय घेणारं पोर मला पाच-सात वर्षांत एखादं भेटतं.

पुढचं काम आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने पुण्या-मुंबईच्या बऱ्याच प्रयोगशाळांना ईमेल केले. दोन ठिकाणांहून उत्तर आलं : या, पण मानधन मिळणार नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस धरून महिन्याला दहा-बारा हजार लागतात. त्या वर्षी बागेवर कर्ज होतं. आज ती एका दूध संघाच्या लॅबमध्ये सकाळ-संध्याकाळ एमबीआरटी ही दुधाच्या प्रतीची चाचणी लावते. दुधातला निळा रंग किती वेळात जातो ते घड्याळात बघते. काम चांगलं आहे, पगार वेळेवर होतो. तिची कल्चर्स मात्र अजून माझ्या फ्रिजमध्ये आहेत. मी ती दर दोन-तीन महिन्यांनी नव्या स्लँटवर घेते, कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही.

साहेब, आपल्याकडे फेलोशिप नाहीत असं मी म्हणत नाही. सीएसआयआर, आयसीएमआर या केंद्रीय संशोधन परिषदांची आणि आपल्याच जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) जेआरएफ आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम ३१,००० वरून ३७,००० झाली, त्यापुढच्या एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,०००. पण हा दरवाजा साधारणपणे एम.एस्सी.नंतर उघडतो, तोही परीक्षा पास झालेल्यांना. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही दोन महिन्यांचीच. दोन महिन्यांत मूल हॉस्टेलचा रस्ता शिकतं आणि पीसीआर मशिन कुठे आहे ते शिकतं, तोवर परतीची गाडी आलेली असते. प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा बी.एस्सी. झालेल्यांनाही मिळतात, पण त्या जाहिरातीत 'अनुभवास प्राधान्य' असतं. तो अनुभव आमच्या मुलांनी आणायचा कुठून?

अमेरिकेत एनआयएच या सरकारी संस्थेत पदवी झालेल्या मुलांना वर्ष-दोन वर्षं स्टायपेंड देऊन प्रयोगशाळेत ठेवून घेण्याची पद्धत जुनी आहे. 'पोस्टबॅक' म्हणतात त्याला. पीएचडी करायची, डॉक्टर व्हायचं, की दोन्हीचा नाद सोडायचा, हे मुलं तिथे काम करता करता ठरवतात. ती योजना तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा आमची मुलं तिकडे जाणार नाहीत. पद्धत तेवढी इकडे आणता येईल.

आणि ती राबवायला नवी इमारत नको. २०२३ मध्ये आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या १४ संस्था 'ब्रिक' या परिषदेच्या एका छत्राखाली आल्या. त्यातली पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. आरोग्य मंत्रालयाशी बोललात तर पुण्याची विषाणू संस्था एनआयव्ही आणि मुंबईत परळची प्रजनन आरोग्याची संस्थाही येऊ शकेल. प्रत्येक संस्थेने बी.एस्सी. झालेली थोडी मुलं एका वर्षासाठी घ्यावीत. महिना २०,००० धरले तर देशभरातल्या हजार मुलांचा वर्षाचा खर्च २४ कोटी होतो. निवड निव्वळ परीक्षेवर नको; पर्यायांवर टिकमार्क करण्यात हुशार असलेली मुलं आमच्याकडे ढीगभर आहेत. मुलाने केलेला एखादा प्रयोग, त्याची वही आणि त्यातल्या चुका बघा. निम्म्या जागा, जिथे राष्ट्रीय संस्था नाही अशा जिल्ह्यांतल्या कॉलेजांना द्या.

आपल्या विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून कॉलेजांना उपकरणं देते, हे चांगलंच आहे. पण उपकरण कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं. २०२०च्या सुरुवातीला कोरोनाचे नमुने तपासायला पुण्याला एनआयव्हीकडे जात होते. मग जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर लॅब उभ्या राहिल्या आणि "पिपेट धरता येणारी मुलं आहेत का?" असे फोन सुरू झाले. आम्हालाही आला. नावं सुचवताना माझी पंचाईत झाली होती, कारण पिपेट धरता येणं आणि पिपेट पाहिलेलं असणं यातला फरक मला माहीत होता.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचं चौथं वर्ष येतंय, 'ऑनर्स विथ रिसर्च'. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असलेल्या मुलाने ते करायचं. दोन मायक्रोपिपेटच्या लॅबमध्ये रिसर्च काय होणार, हे आपल्याला सांगायला नको. हेच वर्ष त्याला राष्ट्रीय संस्थेत घालवू द्या आणि क्रेडिट्स आमच्या कॉलेजच्या खात्यात जमा करा. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनाही त्याच दाराने आत घ्या.

पैसे मात्र दर महिन्याला द्या. माझा एक जुना विद्यार्थी जेआरएफ आहे. मागे त्याची रक्कम आठ महिने अडकली होती, नंतर एकदम जमा झाली. तोवर घरमालकाने त्याला दोनदा सामान आवरायला सांगितलं होतं आणि मेसवाल्या मावशी केवळ त्याच्या गावच्या निघाल्या म्हणून त्याचा डबा चालू राहिला. वीस हजारांवर जगणाऱ्या मुलाला असं आठ महिने थांबता येणार नाही.

आपली नम्र,
मायक्रोबायोलॉजीची एक शिक्षिका

ता. क. योजनेला नाव कोणतंही द्या. अर्जाची वेबसाइट शेवटच्या दिवशी बंद पडणार नाही एवढं बघा. आमच्याकडे लाइट सोमवारी नसते.