माळावर झाडे लावण्याआधी

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की उघड्या माळांवर वृक्षारोपण केल्याच्या बातम्या सुरू होतात. त्या वाचल्या की मला इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा माळ आठवतो.

मुलीकडे गेलो होतो, एप्रिल महिना होता. तिकडे अशा माळाला ‘हीथ’ म्हणतात. निकस वाळूची जमीन, गुडघाभर हेदरची झुडपे, झाड क्वचित. मलाही तो ओसाडच वाटला. मग हेदरच्या काटकीवर करड्या रंगाची एक मादी पतंग दिसली, चारही पंखांवर एकेक डोळा. थोड्याच वेळात मागचे पंख नारिंगी असलेले तीन नर भर उन्हात भिरभिरत तिच्याकडे आले. तिच्या गंधावर ते फार लांबून येतात. हा एम्परर मॉथ. पंख फुटल्यावर तो काही खातच नाही. जे काय खायचे ते अळी असताना, आणि माळावर ते मुख्यतः हेदरच.

मी भंडाऱ्याचा, म्हणून जीव जास्तच गुंतला. आपल्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रेशमाचा कोश, करणारा टसरचा पतंग याच कुळातला. टसरचा पतंग कोसा भिजवून, मऊ करून वाट काढतो. एम्पररच्या कोशाला मात्र ताठ धाग्यांचे तोंड आधीच ठेवलेले असते. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यात आत जाता येते, बाहेर पडता येत नाही. इथे नेमके उलटे.

पहिल्या महायुद्धानंतर लाकूड हवे म्हणून तिथल्या सरकारने अशा कितीतरी माळांवर पाइन लावले. हेतू चांगलाच होता, पण सावलीत हेदर टिकत नाही. शेती, घरे आणि ही लागवड मिळून १८०० पासून इंग्लंडमधले सखल भागातले सुमारे ८० टक्के हीथ संपले. आता काही ठिकाणी तेच पाइन तोडून, गुरे-घोडी चारून माळ परत आणायची धडपड चालली आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावाजवळच्या माळावर ग्लिरिसिडियाची रोपे लागली. नोंदीत ती जमीन ‘पडीक’ आहे. पण तिथे उघड्या खड्यांत टिटवी अंडी घालायची, गावची गुरे चरायची. खड्डे खणण्याआधी त्या माळावर निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा काय उगवते, कोण राहते याची नोंद गुराख्यांना सोबत घेऊन करावी, आणि रोपे जंगल तुटलेल्या जागी न्यावीत, एवढी वनविभागाला आणि ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, भंडारा