धरणावर रात्र जागलेल्या काकांचे आभार

आमच्या गावाला पाणी देणारं मातीचं धरण आता जुनं झालंय. त्या पावसाळी रात्री भिंतीच्या पायथ्याशी पाणी उसळताना दिसलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे २०१९ मध्ये फुटलेलं कोकणातलं तिवरे धरण उभं राहिलं. निरोप मिळताच शेजारच्या गावचे एक निवृत्त मिस्त्री काका धावत आले. काचेच्या ग्लासात पाणी धरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. गढूळ. "पाणी झिरपलं तर चालतं, माती जाता कामा नये," म्हणाले. आधी खालची वस्ती हलवायला लावली, मग झऱ्यावर वाळू, त्यावर खडी, वर दगड रचून घेतले. पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने तोच ग्लास! शेवटचा त्यांनी माझ्या घाबरलेल्या लेकीच्या हातात दिला. "बघ बाळा, नितळ." चहालाही थांबले नाहीत. काका, मनापासून आभार.