कोट्याचा आकडा समजावून सांगणाऱ्या आमच्या सर्व्हरवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना बरोबर कळेल कोणाबद्दल लिहितेय ते. खरं तर थँक यू तुम्हाला समोर येऊनही म्हणता आलं असतं, पण तुम्ही जे समजावलंत ते सर्व्हरवर डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर.

जुन्या विंडोज सर्व्हरवरून आमचा डेटा नव्या झेडएफएसवाल्या (डिस्कवर फाइली सांभाळणारी एक फाइल सिस्टीम) मशीनवर आला आणि कोट्यातला, म्हणजे सर्व्हरवर आम्हाला ठरवून दिलेल्या जागेतला, वापर एकदम निम्म्याच्याही खाली दिसायला लागला, तेव्हा ग्रुपमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले होते. पावसाच्या स्टेशनवार नोंदी, कितीतरी वर्षांच्या, परत मिळवायच्या म्हटल्या तर कुठून मिळवणार? मॅडमचा पहिला प्रश्न हाच की फाइली गेल्या का. तुम्ही फोनवर "सगळं आहे, काळजी करू नका" एवढं म्हणून मोकळे होऊ शकला असतात. पण तुम्ही वर आलात, दोन्हीकडचे चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायचे आकडे) जुळवून दाखवलेत, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग खुर्ची ओढून कोटा नेमकं काय मोजतो ते सांगायला बसलात. त्यासाठी हे पत्र.

एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या, युजर कोट्यात कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) हिशोबात धरतच नाहीत हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. 50 एमबीची फाइल दाबून 40 एमबीची झाली तरी तुमच्या नावावर 50च पडतात, म्हणजे वाचलेली जागा सर्व्हरची, युजरला त्यातलं काही नाही. झेडएफएसचं बरोबर उलटं, ब्लॉक (फाइलचा तुकडा) दाबून झाल्यावर डिस्कवर जेवढी जागा घेतो तेवढीच कोट्यातून कापली जाते. आणि विंडोजमध्येसुद्धा फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजरचा फोल्डरवरचा जो कोटा असतो तो डिस्कवरची खरी जागा मोजतो, म्हणजे एकाच सिस्टीमवर दोन कोटे आणि दोघांचा हिशोब वेगळा! हे ऐकल्यावर मला वाटतं आमच्यातल्या प्रत्येकाला आपापले जुने गोंधळ आठवले असतील.

मग तुम्ही एलएस आणि डीयू या दोन कमांड शेजारी शेजारी चालवून दाखवलंत, एकात फाइलची लांबी, दुसऱ्यात तिने खाल्लेली जागा. फाइल लिहिल्या लिहिल्या डीयू बघू नका हेही सांगितलंत, कारण झेडएफएस लिहायचं सगळं मेमरीत गोळा करतं आणि साधारण 5 सेकंदांनी एकदम डिस्कवर टाकतं, दाबणंही तेव्हाच होतं, आणि दाबून झाल्याशिवाय फाइल किती जागा घेणार हे कोणालाच कळत नाही. युजर कोटा संपल्यावरही काही सेकंद लिहिणं चालू राहतं आणि मग "कोटा एक्सीडेड" येतं, ते का, हे मला तिथे कळलं.

मला सगळ्यात पटलं ते तुमचं माझ्या आणि शेजारच्या ग्रुपच्या फोल्डरचं उदाहरण. आमच्या सीएसव्ही फाइली म्हणजे नुसते आकडे आणि स्वल्पविराम, एलझेडफोर (आमच्या सर्व्हरवरची दाबायची पद्धत) त्या मस्त दाबतं. त्यांचे जेपेग फोटो आधीच दाबलेले, त्यात आणखी दाबायला काही उरत नाही. दोघांना कोटा सारखाच, पण आमच्यात डेटा कितीतरी जास्त मावतो. तुम्ही हे लपवलं नाहीत, उलट त्यांनाही जाऊन सांगितलंत आणि त्यांचा कोटा वाढवायची शिफारस केलीत. मला विचाराल तर दाबलेली जागा मोजणं हेच योग्य आहे, जो नीट दाबता येणारा डेटा ठेवतो त्याला त्याचा फायदा मिळायला हवा, पण त्यासाठी हे समजावणारं माणूस सर्व्हररूममध्ये असावं लागतं आणि ते आमच्या नशिबाने आहे.

आणि ते झेडस्टँडर्डचं, दाबायच्या दुसऱ्या पद्धतीचं! आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की कॉम्प्रेशन बदलून टाकू, जागा अजून वाचेल. तुम्ही थांबवलंत. सेटिंग बदललं तरी जुने ब्लॉक आहेत तसेच राहतात, नवीन लिहिलेल्यालाच ते लागू होतं, म्हणजे सगळ्या फाइली परत लिहाव्या लागणार, आणि स्नॅपशॉट (डेटाच्या त्या त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) जुने ब्लॉक धरून बसलेले असणार, म्हणजे डेटासेटच्या (झेडएफएसवरच्या आमच्या डेटाच्या कप्प्याच्या) कोट्यात जुनंही मोजलं जाणार आणि नवंही, वापर कमी व्हायच्या ऐवजी आधी वाढणार. रेफकोटा हा कोट्याचा दुसरा प्रकार असता तर स्नॅपशॉट त्यात धरले नसते, पण आमच्याकडे साधा कोटा लावलाय. त्या दुपारी तुम्ही नसतात तर आमचा डेटासेट भरून सगळ्यांची कामं अडली असती.

बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी न्यायची तेव्हा तुम्ही स्वतःहून आठवण केलीत की तिथे कॉम्प्रेशन नाही, फाइली पूर्ण लांबीच्या होणार, तेव्हा यूज्ड (दाबल्यावरची जागा) न बघता लॉजिकलयूज्डचा (न दाबता लागणारी जागा) आकडा बघून डिस्क घ्या. समोरचं मशीनही झेडएफएसचं असेल तर सेंड करताना दाबलेले ब्लॉक तसेच पाठवता येतात, तेही लिहून दिलंत. तो कागद अजून माझ्या मॉनिटरला चिकटवलेला आहे, ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की आधी तोच वाचायला देते.

दादा, खूप खूप आभार, मॅडमकडूनही. पुढच्या प्रपोजलसाठी स्टोरेजचा तक्ता मी आता दोन रकान्यांत केलाय, एकात डिस्कवरची जागा आणि एकात पूर्ण लांबी, मेल केलाय तुम्हाला. सवडीने नजर टाका, बॅकअपच्या ओळीत कुठला आकडा धरायचा ते तेवढं सांगा.