दूर बसलेल्या नातेवाइकांनी काय करावे?

महोदय,

५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशीतील धराली येथे खीरगंगेला पूर आला, तेव्हा माझे काका-काकू गंगोत्रीत होते. त्यांचे फोन लागेनात. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक पुण्याहून फिरवला, तर तो इथल्याच कक्षाला लागे, आणि त्याआधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड जोडावा लागतो, हे कळेपर्यंत अख्खी रात्र सरली. काकूंनी निघताना फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर हॉटेलचे नाव, गाडीचा क्रमांक आणि काकांची रक्तदाबाची गोळी लिहून ठेवली होती. कक्षातील माणसाने आधी नेमके तेच विचारले. असा कागद घरच्यांना देणे सहल कंपन्यांवर शासनाने बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे