२१४७४८३६४७

मुलुंड, मुंबई

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

२१४७४८३६४७ एवढा मोठा आकडा मूळ आहे, म्हणजे १ आणि तो स्वतः सोडून कशानेच निःशेष भागला जात नाही, हे संगणक नसताना कुणी ठरवलं कसं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार असे दुप्पट करत गेलास, तर पहिल्या ३१ घरांतले दाणे नेमके एवढे भरतात. म्हणजे दोनचा ३१वा घात, वजा एक. पण ३१ मूळ म्हणून हाही मूळ, असं म्हणता येत नाही. ११ मूळच आहे, तरी दोनचा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि तो २३ गुणिले ८९.

सरळ वाटेने गेलं तर त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. पावणेपाच हजारांवर भागाकार! अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाने वाट बदलली. समज, एक मूळ संख्या आपल्या आकड्याला निःशेष भागते. तिने दोनच्या घातांना भागून बाक्या लिहीत जा. ३१व्या पावलाला बाकी १ येते, आणि ३१ मूळ असल्याने त्याआधी येतच नाही. पुढे दर ३१ पावलांनी पुन्हा १. आता फर्माच्या नियमाने, त्या संख्येहून एकने कमी इतक्या पावलांनंतरही बाकी १च हवी. म्हणून ती संख्या वजा एक ३१च्या पाढ्यात बसलीच पाहिजे, आणि ही वजाबाकी सम, म्हणून ६२च्याही. शिवाय आठने भागल्यावर १ किंवा ७ उरावेत. (याची सिद्धता लांब आहे, पुढच्या पत्रात.) दोन्ही चाळण्यांतून उरतात त्या २४८च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्या, पावणेचारशेच्या आत. त्यांतल्याही ६३, २४९, ४९७ मूळ नाहीत. पहिली खरी उमेदवार ३११.

जुलैपासून मी हे हाताने करतोय. लोकलमध्ये घाटकोपरला गर्दी उतरून बसायला मिळालं की वही उघडतो. ३११ने भागून बाकी ३५, १३०३ने २२६. शून्य येणार नाही हे ठाऊक असूनही शेवटच्या अंकाशी श्वास रोखला जातो. ऑयलरने १७७२ साली गणितज्ञ बर्नुलींना पत्रातून हे कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. माझ्याजवळ वही आहे, डोळे आहेत, तरी मी अडखळतो.

आणखी एक. बरेच जुने संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत, त्यांतलं एक अधिक-उणे चिन्हासाठी) मावणारा त्यांचा शेवटचा आकडा हाच. तो भरेल १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मुंबईत ती ऐन लोकलची वेळ!

दिवाळीत येशील तेव्हा माझे भागाकार तपासून दे. चुकलेली बाकी कॉलेजातही आधी तुलाच दिसायची.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विनय