जेट इंजिन गाडीवर नको, स्टँडवर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारीच्या, ट्रकच्या, अगदी सायकलच्याही मागे जेट इंजिन जोडून आगीचे लोट सोडणारे व्हिडिओ पोरांच्या मोबाइलवर फिरत असतात. खाली ‘नाद खुळा’ची रांग लागलेली. मग उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत ‘ट्रकचा जुना टर्बो मिळेल का’ अशी चौकशी होते. टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन पात्यांची चाके: एक्झॉस्टच्या झोताने फिरणारे टर्बाइन आणि इंजिनात हवा दाबणारा कॉम्प्रेसर. त्या दोघांमध्ये इंधन जाळले की टर्बोपासून छोटे जेट खरोखर बनते आणि त्याला लागणारे लेथकाम, टिग वेल्डिंग कोल्हापूरला नवे नाही. आम्ही टर्बो आणि मशीनिंगच्या कामातली माणसे असल्याने हा नाद मोडा असे सांगणार नाही. ते जेट कशावर बसवायचे, गाडीवर की जमिनीला जखडलेल्या चाचणीच्या स्टँडवर, एवढाच प्रश्न आहे.

आधी आकड्याचा घोळ. जेटच्या गाडीची बातमी आली की तिला अमुक हजार हॉर्सपॉवर चिकटवली जाते. जेट चाक फिरवत नाही, गाडीला मागून रेटते. रेटा गुणिले वेग म्हणजे ताकद. त्यामुळे उभ्या गाडीत ही हॉर्सपॉवर शून्य असते. ट्रकच्या टर्बोच्या घरगुती जेटने १५ किलोचा रेटा दिला तर काम उत्तम जमले म्हणायचे. ताशी ६० किलोमीटरला त्याची सव्वातीन हॉर्सपॉवर होते. ॲक्टिव्हाचे इंजिन साडेसातच्या पुढे देते! इंधन मात्र मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एवढ्या रेट्यावर स्कूटर साठ-सत्तरीतच अडकते.

परदेशातल्या गाड्या वेगाने जातात, कारण त्यांची इंजिने विमानांची असतात. अमेरिकेतल्या ‘शॉकवेव्ह’ ट्रकवर वेस्टिंगहाउस जे-३४ जातीची तीन इंजिने होती; तो ताशी ६०५ किलोमीटरपर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या एअर शोमध्ये त्याच ट्रकला अपघात होऊन चालक गेला. कॅलिफोर्नियातल्या ‘जेट बीटल’ मोटारीला हेलिकॉप्टरचे जीई टी-५८ इंजिन आहे. तिची १३५० हॉर्सपॉवर सगळीकडे छापतात, पण तो आकडा हेलिकॉप्टरचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टवरचा. बीटलची पुढची चाके आजही तिचे मूळ पेट्रोल इंजिनच फिरवते. आणि व्हिडिओतल्या त्या ज्वाळा? बहुतेक वेळा मागच्या पाइपात जादा इंधन फवारून केलेला प्रेक्षकांसाठीचा खेळ.

गाडी आधी हरते ती टायरपाशी. जुन्या ॲक्टिव्हाच्या टायरच्या कडेवर ९०/१००-१० ५३ जे असे लिहिलेले दिसेल. त्यातला ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटर, बस्स. मोटारीच्या टायरवर ‘टी’ असेल तर १९०, ‘एच’ असेल तर २१०. वेग दुप्पट झाला की टायर फाडू पाहणारा ताण चौपट होतो, ब्रेकला जिरवायची ऊर्जाही चौपट. इंग्लंडमध्ये एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर सप्टेंबर २००६ मध्ये ‘व्हँपायर’ ही जेट गाडी ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास उलटली, ती पुढचा उजवा टायर फुटून. इंजिन चोख होते. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानाला होते त्याच ऑर्फियस घराण्यातले. त्यात थ्रॉटल सोडला तरी जेटचा रेटा लगेच जात नाही, आतले फिरते चाक मंदावायला वेळ घेते. ताराराणी चौकातल्या सिग्नलला याचा अर्थ काय होईल ते सांगायला नको.

आता स्टँडचे. कॉम्प्रेसरचे तोंड ५० मिमीचे असेल तर आतली फ्लेम ट्यूब (इंधन जिच्यात जळते ती भोकांची नळी) १०० मिमी व्यासाची आणि ३०० मिमी लांब घ्यावी, स्टेनलेसच्या पत्र्याची. बाहेरचे कवच साधारण १५० मिमीचे. ट्यूबच्या सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्रफळ कॉम्प्रेसरच्या तोंडाएवढे, म्हणजे सुमारे १९६० चौरस मिमी ठेवायचे. त्यातले ३० टक्के ज्वाळेच्या मुळाशी, ४ मिमीची ४७ भोके. २० टक्के मध्ये, ६ मिमीची १४. उरलेले निम्मे टर्बाइनच्या बाजूला, १२ मिमीची ९. ही शेवटची भोके कमी पडली की तापलेला वायू थंड न होता सरळ टर्बाइनवर जातो आणि हाउसिंग लाल होते. मागचे नोझल (झोत बाहेर पडायचे तोंड) फार आवळले तर तापमान चढते आणि कॉम्प्रेसर धप-धप खोकू लागतो. तसे झाले की इंधन कमी करा, मग नोझल मोकळे करा.

तेलात काटकसर केली की टर्बो गेलाच. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. म्हणून आधी १२ व्होल्टच्या मोटारीवरचा तेलपंप, दाब ३ ते ४ बार, मगच हवा. परतीची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी हवी. ती तुंबली की तेल सीलमधून टर्बाइनकडे जाते आणि मागून पांढरा धूर येतो. दाब २ बारच्या खाली गेला की इंधन आपोआप तुटेल असा स्विच बसवाच.

सुरू करताना क्रम असा: तेल, ब्लोअरची हवा, ठिणगी, मग थोडा गॅस. गॅस आधी आणि ठिणगी मागाहून झाली तर साठलेला गॅस एकदम भडकतो. (घरचा सिलिंडर यासाठी वापरू नये, तो गुन्हा आहे.) एक्झॉस्टमध्ये के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून ७०० अंशांवर लाल रेघ मारा. ती ओलांडली की क्षणभरही वाट न पाहता इंधन बंद. बंद केल्यावर लगेच घरी पळू नका. हवा आणि तेल चालूच ठेवून पारा १५० च्या खाली येऊ द्या, नाहीतर गरम बेअरिंगमधले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि दुसऱ्या दिवशी शाफ्ट हलत नाही. हवेच्या तोंडावर जाळी हवी. वॉशर नाहीतर कॉटन वेस्टची चिंधी आत गेली तरी कॉम्प्रेसरची पाती गेली.

रस्त्यावर आणायचा विचार असेल तर कायदा आडवा आहेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला हाच प्रकल्प द्यावा, पण स्टँडवर. तो काँक्रीटला अँकर बोल्टने जखडावा. टर्बोतले ७५ मिमीचे चाक मिनिटाला एक लाख फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला ३९० मीटर धावते, आवाजाहूनही वेगाने. फुटले तर तुकडे चाकाच्या रेषेत, बाजूला उडतात; म्हणून त्या बाजूंना जाड प्लेट लावायची आणि तिथे कुणी उभे राहायचे नाही. मागे झोताच्या वाटेत तर नाहीच. इंजिन छोट्या रुळांवर सरकते ठेवून पुढे स्प्रिंगचा काटा किंवा लोड सेल लावला की रेटा किलोत मोजता येतो. पोरांनी तो मोजून पाठवला तर हॉर्सपॉवर न करता किलोतच छापावा, ही विनंती.

आपले,
उद्यमनगरातील काही वर्कशॉपवाले, कोल्हापूर